वळसा कोणाचा? भौमितिक स्पॅनर आलेख, सरळ अंतर आणि पिंपरी-चिंचवड–चाकण पट्ट्यातील रस्ते : एक चिकित्सा

गोषवारा

दिलेल्या ठिकाणांना जोडणारे मोजकेच रस्ते निवडूनही कोणत्याही दोन ठिकाणांमधील रस्त्याचे अंतर त्यांच्या सरळ अंतराच्या ठरावीक पटीच्या आत कसे ठेवता येईल, हा भौमितिक स्पॅनर आलेखांच्या सिद्धांतातील मध्यवर्ती प्रश्न आहे. गेल्या चार दशकांत या प्रश्नावर विपुल संशोधन झाले असून त्यातील काही निष्कर्ष विलक्षण नेमके आहेत. प्रस्तुत लेखात या सिद्धांताची चिकित्सा पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात केली आहे. या सिद्धांतातील पटींचे आकडे प्रत्यक्ष भूमीवर जसेच्या तसे लावणे दिशाभूल करणारे ठरते. परंतु त्यामागील 'प्रत्येक जोडीसाठी' ही अट मात्र नगररचनेच्या विचारात आवर्जून स्वीकारावी अशी आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्पॅनर आलेख, वळसा-गुणोत्तर, डेलोने त्रिकोणन, पिंपरी-चिंचवड, चाकण, बोपखेल.

1. प्रस्तावना

पिंपरी येथे 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी उद्योगाची स्थापना झाली, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्यानंतर मुळा, पवना व इंद्रायणी या नद्यांच्या परिसरातील शेतीप्रधान गावांचे रूप झपाट्याने पालटले. 1972 मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. 1982 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उद्योगांचा ओघ इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यातील चाकणकडे वळला आणि म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी ही गावे मोटार उद्योगाच्या नकाशावर आली.

या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला अंतराचे दोन अर्थ ठाऊक असतात. एक अंतर डोळ्यांना दिसणारे : नदीपलीकडचे कारखान्याचे धुराडे, लोहमार्गापलीकडची शाळा. दुसरे अंतर पायांना किंवा दुचाकीच्या चाकांना पडणारे : पुलापर्यंत जाणे, पूल ओलांडणे आणि पुन्हा उलट येणे. या दोन अंतरांमधील तफावत हा येथील दैनंदिन जीवनाचा भाग असून ती वेळ, इंधन आणि मजुरी यांच्या हिशेबात उतरते. गणिताच्या एका शाखेने नेमकी हीच तफावत आपल्या अभ्यासाचा विषय केली आहे. त्या शाखेचे म्हणणे काय आहे आणि ते आपल्या परिसराला कितपत लागू पडते, याचा विचार गणित, भूगोल व अर्थशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना उपयुक्त ठरावा.

2. संकल्पनेचा परिचय

औद्योगिक परिसरातील वाचकाला 'स्पॅनर' म्हटले की प्रथम पाना आठवेल. येथे त्या शब्दाचा संबंध पुलाच्या गाळ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'स्पॅन' या शब्दाशी, म्हणजे दोन टोके कवेत घेण्याच्या कल्पनेशी आहे. प्रतलावर काही बिंदू दिले आहेत असे समजू. त्यांपैकी काही जोड्या सरळ रेषाखंडांनी जोडल्या की आलेख तयार होतो. बिंदू म्हणजे ठिकाणे आणि रेषाखंड, म्हणजेच आलेखाच्या कडा, म्हणजे रस्ते. कोणत्याही दोन बिंदूंमधील आलेखावरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या मार्गाची लांबी भागिले त्यांचे सरळ अंतर, या भागाकाराला प्रस्तुत लेखात 'वळसा-गुणोत्तर' म्हटले आहे. सर्व जोड्यांमध्ये हे गुणोत्तर ज्या कमाल किमतीला पोहोचते ती त्या आलेखाची पट. ही पट ट या संख्येहून अधिक नसेल तर तो आलेख ट-पट स्पॅनर ठरतो.

सर्व जोड्या थेट जोडल्यास पट 1 येईल, परंतु त्याचा खर्च अवाजवी आहे. 40 ठिकाणांसाठी असे 780 रस्ते लागतील. उलट टोकाला केवळ 39 रस्त्यांत सर्व ठिकाणे जोडता येतात, पण त्यात वळशावर कोणतेही बंधन राहत नाही. 40 ठिकाणे वर्तुळावर समान अंतराने असतील तर सर्वांत कमी लांबीची जोडणी वर्तुळालगतची एक बाजू मोकळी सोडते. त्या बाजूच्या दोन शेजाऱ्यांना एकमेकांकडे जाण्यासाठी उरलेल्या 39 बाजू फिराव्या लागतात. म्हणजे सर्वांत काटकसरीची जोडणी शेजाऱ्याला 39 पट दूर लोटू शकते. काटकसर आणि सरळपणा यांच्यामध्ये कोठे थांबावे, हा स्पॅनर सिद्धांताचा विषय होय.

3. सिद्धांताची प्राप्ती

या शाखेचा इतिहास पाहता तिची प्रगती स्तिमित करणारी आहे. 1986 मध्ये पॉल च्यू यांनी दाखवून दिले की, कडा एकमेकींना न छेदणारा, म्हणजे समतल, आलेखही सर्व जोड्या जोडणाऱ्या आलेखाच्या जवळपास तोडीचा असू शकतो. समतल आलेखात 40 बिंदूंसाठी जास्तीत जास्त 114 कडा असतात. 780 ऐवजी 114 रस्त्यांत काम भागत असेल आणि वळसा तरीही एका स्थिर पटीत राहत असेल, तर ती बचत मोठीच म्हणावी लागेल.

यानंतर लक्ष डेलोने त्रिकोणनाकडे वळले. बोरिस डेलोने यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना अशी की, बिंदू त्रिकोणांनी जोडायचे आणि कोणत्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळाच्या आत दुसरा बिंदू येऊ द्यायचा नाही. या रचनेची पट 5.08 हून अधिक नसते असे डॉबकिन, फ्रीडमन व सुपोविट यांनी 1987 मध्ये सिद्ध केले. कील व गटविन यांनी ती मर्यादा सुमारे 2.42 पर्यंत खाली आणली. 2011 मध्ये शिया यांनी ती 1.998 हून कमी असल्याचे दाखविले. दुसऱ्या बाजूने काही बिंदुरचनांत ही पट 1.59 च्या पुढे जाते हेही सिद्ध झाले आहे. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे.

रचनेची दुसरी पद्धत 'हव्यासी' म्हणता येईल अशी आहे. आल्टहोफर, दास, डॉबकिन, जोसेफ व सोआरेस यांच्या 1993 च्या निबंधात ती सविस्तर आली आहे. सर्व जोड्या वाढत्या अंतराने मांडायच्या. प्रत्येक जोडीपाशी थांबून आतापर्यंत घातलेल्या रस्त्यांवरून वळसा ट पटीच्या आत आहे का ते पाहायचे. नसेल तरच नवा थेट रस्ता घालायचा. मोशी-आळंदी रस्ता झाला, मोशी-भोसरी झाला. आता भोसरी-आळंदी थेट रस्ता हवा का, हा प्रश्न मोशीवरून पडणारा वळसा पाहून सुटतो. पद्धत इतकी साधी आहे की पदवीच्या विद्यार्थ्यालाही ती हाताने करून पाहता येईल. तरीही तीतून मिळणाऱ्या कडांची संख्या बिंदूंच्या संख्येच्या प्रमाणात राहते आणि एकूण लांबी किमान जोडणीच्या लांबीच्या स्थिर पटीत राहते. गिरी नरसिंहन व मिखिएल स्मिड यांच्या 2007 मध्ये केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विषयाची व्यवस्थित मांडणी आढळते. प्रोसेनजित बोस व स्मिड यांनी 2013 मध्ये समतल स्पॅनरांचा स्वतंत्र आढावा घेतला आहे.

ही प्राप्ती नाकारण्याचा येथे हेतू नाही. तथापि या विषयाच्या प्रस्तावनांमध्ये रस्ते, लोहमार्ग व दळणवळण यांची उदाहरणे सातत्याने दिली जातात. ज्या अर्थी ही उदाहरणे सिद्धांताच्या उपयुक्ततेचा आधार म्हणून पुढे केली जातात, त्या अर्थी प्रत्यक्ष रस्त्यांच्या कसोटीवर सिद्धांत पारखणे उचित ठरते.

4. पहिला आक्षेप : मधल्या रस्त्यावरील माणूस

स्पॅनर सिद्धांतातील वचन आलेखाच्या बिंदूंपुरते आहे. दोन बिंदूंना जोडणाऱ्या कडेच्या मध्यावर राहणाऱ्याला ते वचन दिलेले नाही. निगडी प्राधिकरणाच्या पेठांसारख्या, काटकोनी आखणीकडे झुकणाऱ्या वसाहतीचे उदाहरण घेऊ. आदर्श चौरस जाळीत दोन चौकांमधील वळसा-गुणोत्तर जास्तीत जास्त 2 च्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे 1.41 असते आणि सर्व दिशा समान मानल्यास दूरच्या ठिकाणांसाठी सरासरी सुमारे 1.27 येते. हे आकडे समाधानकारक वाटतात. परंतु एकाच चौरस ठोकळ्याच्या समोरासमोरील दोन बाजूंच्या मध्यावर दोन घरे असतील तर अर्धी बाजू, एक पूर्ण बाजू आणि पुन्हा अर्धी बाजू चालावे लागते. गुणोत्तर 2 होते. ठोकळा लांबट असेल, लांबी रुंदीच्या तिप्पट असेल, तर पाठीला पाठ लागलेल्या दोन घरांसाठी ते 4 होते.

नदीचे पात्र हा असाच एक अतिशय लांबट ठोकळा होय. त्याच्या दोन लांब बाजू म्हणजे दोन काठांवरचे रस्ते आणि दोन आखूड बाजू म्हणजे लगतचे दोन पूल. दोन काठांवरील रस्त्यांमध्ये 200 मीटर अंतर आणि दोन पुलांमध्ये 3 किलोमीटर अंतर आहे असे केवळ उदाहरणादाखल मानू. पुलांच्या बरोबर मध्ये समोरासमोर राहणाऱ्या दोन व्यक्तींना 3.2 किलोमीटर जावे लागेल. गुणोत्तर 16 येईल. इंद्रायणीच्या एका काठावर मोशी-चिखली आणि दुसऱ्या काठावर चिंबळी, कुरुळी, निघोजे अशी गावे आहेत. पवनेच्या दोन्ही तीरांवर तर महानगराचीच वस्ती आहे. पुणे-मुंबई लोहमार्ग हाही त्याच स्वरूपाचा ठोकळा असून भुयारी मार्ग, फाटके व उड्डाणपूल या त्याच्या आखूड बाजू आहेत.

गणितज्ञांना ही उणीव दिसली नाही असे मात्र नाही. एबर्स-बाउमान, ग्रूने व क्लाइन यांनी कडेवरील प्रत्येक बिंदू हिशेबात धरणारी अधिक कडक व्याख्या स्वीकारली आणि जादा बिंदू वापरण्याची मुभा असल्यास कोणताही सांत बिंदुसमूह 1.678 पटीच्या समतल जाळ्यात बसविता येतो असे दाखविले. त्याचबरोबर काही बिंदुसमूहांना किमान 1.57 इतकी पट अटळ आहे हेही त्यांनी सिद्ध केले. परंतु या दोन्ही आकड्यांसाठी रस्ता हवा तेथून नेण्याची मोकळीक गृहीत धरली आहे. नदीवरून जाणारी प्रत्येक कड म्हणजे एक पूल. सिद्धांताच्या हिशेबात पुलाचा 200 मीटरचा तुकडा आणि माळावरील 200 मीटरचा तुकडा एकाच मोलाचे असतात. महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात तसे नसते, हे सांगावयास नको.

येथे समतलतेच्या अटीचाही विचार करावा लागतो. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार ठिकाणे असतील तर समतल जाळ्यात एकच कर्ण घालता येतो. दुसऱ्या कर्णाच्या टोकांना 1.41 पट वळसा पडणारच. या अटीत दोन रस्ते जेथे भेटतात तेथे चौक असतोच असे गृहीत आहे. कासारवाडीजवळ नाशिक फाट्यावर उभारलेला दुमजली उड्डाणपूल या गृहीतकाचा भंग करतो. तेथे रस्ते एकमेकांना भेटल्याविना ओलांडतात. समतल स्पॅनरांचे सुंदर निष्कर्ष अशा शहराचे वर्णन करतात की, ज्यात उड्डाणपूल नाहीत.

5. दुसरा आक्षेप : चौकाला मिळणारे गुण

चाकण शहराची रचना पाहता दोन मोठे मार्ग स्पष्ट दिसतात. पुणे-नाशिक महामार्ग स्थूलमानाने दक्षिणोत्तर जातो आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर मार्ग पूर्व-पश्चिम जातो. दोहोंची गाठ चाकणच्या तळेगाव चौकात पडते. औद्योगिक वसाहतींचे टप्पे, कामगारांची वस्ती आणि मालवाहतूक या सर्वांचा भार या दोन मार्गांवर व त्यांच्या छेदनावर येतो. चौकातील वाहतूक कोंडी हा या भागातील कामगार, उद्योजक व ग्रामस्थ यांच्या तक्रारीचा नित्याचा विषय आहे.

आता हे दोन मार्ग सरळ व एकमेकांना काटकोनात आहेत असे मानून त्यांवरील ठिकाणांचे वळसा-गुणोत्तर काढू. एक ठिकाण चौकापासून अ अंतरावर एका मार्गावर आणि दुसरे ब अंतरावर दुसऱ्या मार्गावर असेल, तर रस्त्याचे अंतर अ अधिक ब असते आणि सरळ अंतर पायथागोरसच्या सिद्धांताने मिळते. हे गुणोत्तर कधीही 1.41 च्या पुढे जात नाही. एकाच मार्गावरील दोन ठिकाणांसाठी ते 1 असते. म्हणजे संपूर्ण पट्ट्यात ज्या चौकात सर्वाधिक वेळ वाया जातो, त्या चौकावर आधारलेल्या रचनेला स्पॅनर सिद्धांत चौरस जाळीइतकेच गुण देतो आणि डेलोने त्रिकोणनासाठी सिद्ध झालेल्या 1.998 या मर्यादेहून सरस ठरवितो.

हा विरोधाभास गणनेतील चुकीमुळे आलेला नाही. सिद्धांत प्रत्येक जोडीचा मार्ग स्वतंत्रपणे, रस्ता रिकामा असल्यासारखा मोजतो. सर्व जोड्या एकाच वेळी, सकाळच्या पाळीच्या तोंडाशी, त्याच बिंदूतून जाऊ लागल्या तर काय होईल याविषयी तो मौन बाळगतो. येथे कोणी म्हणेल की, एका बिंदूला मिळणाऱ्या कडांची संख्या मर्यादित ठेवण्याचा विचारही या शाखेत झाला आहे. तो झाला आहे हे खरे. बोनिशॉन, कांज, पेर्कोविच व शिया यांनी 2015 मध्ये सिद्ध केले की, प्रत्येक बिंदूला फार तर चार कडा असलेला समतल स्पॅनर नेहमी रचता येतो. त्यासाठी त्यांना मिळालेली पट 156.82 होती आणि निबंधाच्या शीर्षकात तिला 'मध्यम' असे विशेषण लावले आहे. नंतरच्या संशोधनात ती 20 पर्यंत उतरली. परंतु कडांची संख्या म्हणजे वाहनांची संख्या नव्हे. तळेगाव चौकाला चारच बाहू आहेत. या कसोटीवरही तो निर्दोषच ठरतो.

मार्ग काटकोनात नसतील तर चित्र पालटते. केंद्रापासून सारख्या अंतरावर, 60 अंशांनी विभक्त अशा दोन मार्गांवरील ठिकाणांसाठी गुणोत्तर 2 होते. 30 अंशांसाठी ते सुमारे 3.86 होते. एकाच केंद्रातून फुटणाऱ्या रस्त्यांच्या रचनेत आडव्या जोडरस्त्यांची निकड कोठे आहे हे या साध्या हिशेबातून कळू शकते. सिद्धांताची उपयुक्तता अशा ठिकाणी निश्चित आहे. फक्त तो लांबीचा सिद्धांत असून वेळेचा नाही, हे भान सुटता कामा नये.

6. तिसरा आक्षेप : छेदात काय घ्यावे?

वरील दोन आक्षेप सिद्धांताच्या मर्यादांविषयी होते. तिसरा आक्षेप अधिक मूलगामी असून त्यासाठी बोपखेलचे उदाहरण घ्यावे लागेल. मुळा नदीकाठचे हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आहे. गावातून दापोडीकडे जाण्याचा वहिवाटीचा रस्ता सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे सीएमईच्या, आवारातून जात होता. न्यायालयीन वादानंतर मे 2015 मध्ये हा रस्ता नागरिकांसाठी बंद झाला. त्याविरुद्ध गावात आंदोलन झाले आणि त्यात पोलिसांशी संघर्षही घडला. दापोडीला जाण्यासाठी ग्रामस्थांना दिघी-भोसरीकडून कित्येक पट लांबचा वळसा घालावा लागू लागला. मुळेवर तात्पुरता तरंगता पूल टाकण्यात आला आणि पुढे महापालिकेने बोपखेल व खडकी यांना जोडणारा कायमचा पूल हाती घेतला.

आलेखाच्या भाषेत सांगायचे तर एक कड काढली गेली. गाव तेथेच राहिले, दापोडी तेथेच राहिली, सरळ अंतर एका मीटरनेही बदलले नाही. बदलला तो भागाकाराचा अंश. संरक्षण आस्थापनेच्या सुरक्षिततेची गरज हा स्वतंत्र प्रश्न असून त्याचा निवाडा येथे अभिप्रेत नाही. प्रश्न असा आहे की, या गावाचे वळसा-गुणोत्तर किती झाले असे सिद्धांत सांगेल?

त्याला दोन उत्तरे आहेत. युक्लिडीय सरळ अंतर छेदात घेतले तर गुणोत्तर एकदम वाढलेले दिसते. परंतु अडथळ्यांसह विचार करणाऱ्या सिद्धांताची रीत निराळी आहे. अडथळे असलेल्या प्रतलात स्पॅनरची तुलना बहुधा अडथळ्यांना वळसा घालून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या मार्गाशी किंवा एकमेकांना दिसणाऱ्या बिंदूंच्या आलेखाशी केली जाते. अटयुक्त डेलोने त्रिकोणनासाठी 2.42 ही मर्यादा 2006 मध्ये बोस व कील यांनी सिद्ध केली ती याच अर्थाने. बंद आवार हा अडथळा मानला की त्याला वळसा घालून जाणारा मार्ग हाच 'सरळ' मार्ग ठरतो. अंश वाढला तसा छेदही वाढतो आणि भागाकार पुन्हा 1 च्या जवळ येतो. गावकऱ्यांचा संपूर्ण वळसा हिशेबातून नाहीसा होतो.

काही कडा किंवा बिंदू निकामी झाले तरी टिकणाऱ्या स्पॅनरांचा अभ्यास लेव्हकोपुलोस, नरसिंहन व स्मिड यांनी 1998 मध्ये सुरू केला. बिंदू निकामी होण्याच्या प्रकारात उरलेल्या ठिकाणांना दिलेले वचन सरळ अंतराशीच बांधलेले राहते. कडा निकामी होण्याच्या प्रकारात मात्र तुलना सर्व जोड्या जोडणाऱ्या आलेखातून त्याच कडा वगळून उरणाऱ्या आलेखाशी होते. गणिती दृष्टीने हे सर्वथा सयुक्तिक आहे, कारण जी कड कोणालाच उपलब्ध नाही तिच्या नावाने स्पॅनरला दोष देता येणार नाही. परंतु नागरिकाची तक्रार नेमकी त्या कडेविषयीच असते. अशा वेळी छेदाची निवड ही तांत्रिक बाब राहत नाही. नदी हा निसर्गदत्त अडथळा, लोहमार्ग हा शासननिर्मित, कारखान्याची कुंपणभिंत ही मालकीहक्कातून आलेली आणि छावणीचे आवार सुरक्षिततेच्या गरजेतून आलेले. यांपैकी कोणता अडथळा गृहीत धरावा आणि कोणत्याचा जाब विचारावा, हे भूमिती ठरवू शकत नाही. ते छेदात काय लिहिले आहे यावरून आधीच ठरलेले असते आणि उत्तर वाचणाऱ्याला ते दिसत नाही.

7. कमाल की सरासरी?

वरील विवेचनावरून असे वाटण्याचा संभव आहे की, सर्वांत वाईट जोडीवर आधारलेले हे मापच सोडून द्यावे. तसा एक दर्जेदार युक्तिवाद झालेलाही आहे. डेव्हिड ऑल्डस व ज्युलियन शुन यांनी 2010 मधील आपल्या निबंधात कमाल गुणोत्तराऐवजी निराळे माप सुचविले. सर्वांत वाईट जोडी ही बहुधा अगदी जवळजवळच्या दोन बिंदूंची असते आणि तेवढ्यावरून संपूर्ण जाळ्याला वाईट ठरविणे गैर, ही अडचण खरी आहे. उलट सर्व जोड्यांची सरासरी घेतली तर दूरच्या जोड्यांचे वर्चस्व होते आणि थोड्याशा जादा लांबीत ती हवी तितकी चांगली दाखविता येते. म्हणून त्यांनी प्रत्येक अंतरासाठी सरासरी जादा वळसा काढून त्या सरासऱ्यांतील कमाल किंमत घ्यावी असे सुचविले.

हे माप निःसंशय अधिक समंजस आहे. तथापि त्यातही प्रत्येक अंतराच्या आत सरासरीच आहे आणि एखादे गाव तिच्यात हरवू शकते. पुन्हा 40 ठिकाणांचे काल्पनिक उदाहरण घेऊ. 780 जोड्यांपैकी एका गावाच्या वाट्याला 39 जोड्या, म्हणजे 5 टक्के येतात. सर्व जोड्यांचे गुणोत्तर 1.4 आहे आणि एक रस्ता बंद झाल्याने या 39 जोड्यांचे ते 3 झाले असे मानू. सर्व जोड्यांची सरासरी 1.4 वरून 1.48 वर जाईल. अहवालात ही वाढ नगण्य दिसेल. कमाल किंमत मात्र 1.4 वरून 3 होईल आणि ती लपविता येणार नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते स्पॅनर सिद्धांताचे खरे मोल येथे आहे. 5.08, 2.42, 1.998 ही आकड्यांची उतरती मालिका गणिताच्या दृष्टीने मोठी असली तरी मोशी वा महाळुंग्याच्या रहिवाशाला तिचा थेट लाभ नाही. त्याला लाभ आहे तो व्याख्येतील 'प्रत्येक जोडीसाठी' या शब्दांचा. या शब्दांमुळे बहुसंख्यांच्या सोयीतून एखाद्याची गैरसोय वजा करता येत नाही. ज्या जोडीला वचन पाळले गेले नाही ती जोडी नाव घेऊन दाखवावी लागते. नगररचनेच्या चर्चेत सरासरी प्रवासवेळ, एकूण रस्त्यांची लांबी, प्रति चौरस किलोमीटर रस्ते असे शब्द वारंवार येतात. 'प्रत्येक' हा शब्द क्वचितच येतो.

वळसा हा नेहमी तोटाच असतो असेही मानण्याचे कारण नाही. याच पट्ट्यातील देहू व आळंदी येथून निघणारी वारी सर्वांत जवळच्या मार्गाचा हिशेब करीत नाही. परंतु वारकऱ्याने स्वीकारलेली वाट आणि शाळकरी मुलावर लादलेला वळसा यांत निवडीचा फरक आहे. कमाल गुणोत्तर लादलेल्या वळशाचा माग काढण्याचे साधन आहे.

8. निष्कर्ष

पहिली बाब : रिकाम्या प्रतलासाठी सिद्ध झालेल्या मर्यादा नदी, लोहमार्ग व बंद आवारे असलेल्या भूमीला लावता येत नाहीत. त्यांचा उपयोग तुलनेच्या पट्टीसारखा करावा, आश्वासनासारखा नव्हे.

दुसरी बाब : वळसा-गुणोत्तर लांबी मोजते. चाकणसारख्या ठिकाणी, जेथे अडचण चौकाच्या क्षमतेची आहे, तेथे केवळ त्यावर विसंबल्यास सर्वांत त्रासदायक रचनाही उत्तम ठरू शकते. म्हणून त्यासोबत एकाच बिंदूतून किती जोड्यांचे मार्ग जातात हेही मोजले पाहिजे.

तिसरी बाब : कोणतेही गुणोत्तर सांगताना छेदात कोणते अंतर घेतले आणि कोणते अडथळे गृहीत धरले हे स्पष्टपणे नमूद करावे. शक्य तेथे दोन्ही गुणोत्तरे द्यावीत. त्यांमधील फरक हीच अडथळ्याची किंमत होय.

चौथी बाब : कमाल गुणोत्तर टाकून न देता ते अंतराच्या गटांनुसार काढावे. पायी जाण्याचे, सायकल वा दुचाकीचे आणि त्यापलीकडचे असे तीन गट पुरेसे व्हावेत. प्रत्येक गटातील सर्वांत वाईट जोडी नावानिशी नोंदवावी. त्यानंतर एकेक रस्ता वगळून हीच गणना पुन्हा केल्यास कोणते गाव एकाच कडेवर अवलंबून आहे हे संकट येण्यापूर्वी कळू शकेल. बोपखेलच्या बाबतीत हे 2015 पूर्वी कागदावर दिसू शकले असते.

हे काम फार खर्चाचे नाही. मुक्त नकाशे उपलब्ध आहेत आणि पदवी स्तरावरील गणित व संगणकशास्त्राचे विद्यार्थी आवश्यक गणना करू शकतात. कोणता अडथळा वाजवी आणि कोणता नाही याची चर्चा भूगोल, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या विभागांना करता येईल. महाविद्यालयाच्या परिसरातील दहा-पंधरा गावे घेऊन असा आंतरविद्याशाखीय प्रकल्प हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना प्रमेयाचा अर्थ कळेल आणि ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला देता येईल अशी, जोड्यांच्या नावांची, एक यादी हाती येईल.